खाशाबांना हरविणारा ज्युदोपटू

तेरणेकाठच्या आमच्या माकणीत कुस्तीच्या गोष्टी निघाल्या की खाशाबा जाधवांचे नाव निघतेच, आणि गोष्ट संपते ती एका हळहळीने : ‘त्या जपान्यामुळे सोनं हुकलं!’ लहानपणी मीही तसेच म्हणे. तो जपानी कोण, हे विचारावेसे मात्र कित्येक वर्षे वाटले नाही.

शोध घेतला तेव्हा कळले, की शोहाची इशी हा मुळात कुस्तीचा गडीच नव्हे, तो ज्युदोचा. जिगोरो कानो या शिक्षकाने १८८२ साली टोकियोत कोदोकान ही शाळा काढून जुन्या जुजुत्सूला नवे वळण दिले, तोच हा ज्युदो. महायुद्धात जपान हरला आणि परक्यांच्या लष्करी अमलात तेथील शाळांतून ज्युदो बंद झाला. इशीने मग कुस्ती धरली.

खाशाबा आणि इशी दोघेही १९२६ सालचे. एकाची विद्या परक्यांच्या हुकुमाने अडली, तर दुसऱ्याची वाट पैशाने. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचा हा पोरगा मातीत तयार झाला होता. १९४८ मध्ये लंडनला तो गादीवर उतरला आणि सहावा आला. त्या उन्हाळ्यात आमचा मुलूख अजून निजामाच्या अमलातच होता! पुढे हेलसिंकीसाठी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले, असे सांगतात.

१९५२ साली हेलसिंकीत सत्तावन्न किलो गटात दोघे भिडले. खाशाबा हरले, आणि पुरती विश्रांती न मिळताच त्यांना सोव्हिएत मल्ल राशीद मामादबेयोव्हशी झुंजावे लागले, असे म्हणतात. त्यांची बाजू मांडायला आपला एकही अधिकारी तेथे नव्हता. इशीला सुवर्ण मिळाले. त्या स्पर्धेत जपानचे तेवढे एकच. खाशाबांचे कांस्य हे स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसरे मिळायला १९९६ साल उजाडावे लागले.

१९६४ साली टोकियोत ज्युदो प्रथमच ऑलिंपिकमध्ये आला. खुल्या गटाच्या अंतिम लढतीत डच अंतोन खेसिंकने जपानच्या कामिनागाला हरविले. आनंदाने धावत येणाऱ्या आपल्याच माणसांना त्याने हात करून थोपविले, आणि वाकून नमस्कार केला. ज्यांची विद्या, त्यांनाच घरच्या अंगणात हार पत्करावी लागली. पण त्यामुळेच ती विद्या जगाची झाली.

१९८४ साली खाशाबा अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला तो मरणोत्तर. आता माकणीत कोणी त्या जपान्याला बोल लावू लागला, तर मी म्हणतो, ‘बाबा, तोही आपल्यासारखाच अडलेल्या वाटेवरून आलेला. बोल लावायचा तर ती मोकळी राहिलेली खुर्ची आठव. तीवर बसायला आपलाच माणूस नव्हता.’