घाशीराम कोतवाल (नाट्यप्रयोग) : नटसंच व निर्मितिसंच

विजय तेंडुलकर यांच्या याच नावाच्या मराठी नाटकाचा पुण्यातील मूळ प्रयोग. पहिला प्रयोग 16 डिसेंबर 1972 रोजी पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात झाला. निर्मिती आरंभी प्रोग्रेसिव्ह ड्रामॅटिक असोसिएशन (पीडीए) या संस्थेची होती. 1974 पासून थिएटर अकादमी, पुणे या संस्थेची. दिग्दर्शन डॉ. जब्बार पटेल, संगीत भास्कर चंदावरकर, नृत्यदिग्दर्शन कृष्णदेव मुळगुंद आणि दिग्दर्शन साहाय्य सतीश आळेकर यांचे. प्रमुख भूमिकांत डॉ. मोहन आगाशे (नाना फडणवीस), रमेश टिळेकर (घाशीराम) आणि श्रीराम रानडे (सूत्रधार) होते. नाटकाच्या संहितेविषयी व त्यातील इतिहासाविषयी विपुल लेखन झाले आहे. या नोंदीत ते भाग थोडक्यात घेऊन प्रयोग उभा करणाऱ्या मंडळींवर भर दिला आहे.

कथानक : कनौजहून पुण्यात पोट भरायला आलेला घाशीराम हा ब्राह्मण बावनखणी या कलावंतिणींच्या वस्तीत गुलाबी या नाचणारणीकडे नोकर राहतो. पुण्यातील ब्राह्मण त्याला चोर ठरवून मारतात, कोठडीत घालतात. सूड घ्यायचा म्हणून तो आपली मुलगी ललितागौरी पेशव्यांचा कारभारी नाना फडणवीस याच्या स्वाधीन करतो आणि मोबदल्यात शहराची कोतवाली मिळवतो. पुढे मुलगी मरते, घाशीरामचा जुलूम हाताबाहेर जातो, दक्षिणेकडून आलेले ब्राह्मण कोठडीत गुदमरून मरतात आणि जमाव चवताळतो. तेव्हा नाना एका सहीने घाशीरामला जमावाच्या हवाली करतो. नानाला काहीच होत नाही.

ऐतिहासिक घाशीराम सावळदास हा 1777 च्या सुमारापासून पुण्याचा कोतवाल होता आणि 1791 मध्ये जमावाने त्याला ठार मारले. मोरोबा कान्होबा यांचे त्याच्यावरील पुस्तक 1863 चे. नाटककाराने आपले नाटक ऐतिहासिक नसल्याचे सांगितले होते. नाटकातील नाना इतिहासाला धरून आहे की नाही, हा वाद या नोंदीच्या कक्षेबाहेरचा आहे.

संस्था व संचाची जडणघडण : पीडीए ही भालबा केळकर यांच्या नेतृत्वाखालील पुण्याची जुनी हौशी संस्था. डॉ. श्रीराम लागू यांच्यासारखे नट तिच्यातून पुढे आले. 1970 च्या आसपास संस्थेत तरुणांची जी फळी तयार झाली, तिच्यात बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयाशी संबंधित मंडळी ठळक होती. पटेल बालरोगतज्ज्ञ, दौंडला दवाखाना चालवणारे, आगाशे मनोविकारतज्ज्ञ, आळेकर जीवरसायनशास्त्राचे. पटेल यांनी याआधी तेंडुलकरांचे ‘अशी पाखरे येती’ बसवले होते. त्यामुळे नवे नाटक या गटाकडे येणे स्वाभाविक होते. व्यावसायिक कंपनीला ते परवडलेही नसते. नाटकात माणसे फार, त्यांतील बहुतेकांना नाव नाही आणि सगळ्यांना गाता-नाचता आले पाहिजे. नोकरी सांभाळून संध्याकाळी तालमीला येणाऱ्या हौशी नटांच्या जोरावरच एवढा खटला उभा राहू शकत होता.

‘घाशीराम’ राज्य नाट्यस्पर्धेसाठी बसवले गेले. त्याच वर्षी ‘सखाराम बाइंडर’वरून सेन्सॉरचा वाद पेटलेला असल्याने तेंडुलकरांच्या नावाभोवती आधीच धुरळा उडालेला होता.

माणसांची भिंत : या प्रयोगाची खूण म्हणजे रंगमंचावर आडव्या रांगेत उभे राहणारे बारा पुरुष. ते नाटकातले ‘पुण्याचे ब्राह्मण’. धोतर, उपरणे, शेंडी, गंध अशा वेषात ते नमनाला उभे राहतात, गातात, डुलतात. नेपथ्य म्हणून मागे जवळजवळ काही नाही. जे आहे ते या बारा देहांचे. रांग प्रेक्षकांकडे तोंड करून असली की ते शहर असते. तिने पाठ फिरवली की पडदा पडतो आणि पाठीमागे काय चालले आहे ते प्रेक्षकाला दिसत नाही, फक्त कळते. रांग तुटली की जमाव होतो, वाकली की बाग होते, मध्ये फट पडली की दार होते.

बावनखणीच्या प्रवेशात हे तंत्र सर्वांत स्वच्छ दिसते. घरी बायकांना कीर्तनाला जातो म्हणून सांगून निघालेले ब्राह्मण गुलाबीचा नाच बघायला जमतात. नाना येतो, रंगात येऊन स्वतःच नाचू लागतो आणि त्याचा पाय मुरगळतो. सगळे हवालदिल. तेवढ्यात नोकर घाशीराम पुढे सरून त्याचा पाय अंगावर तोलून धरतो. खूश झालेला नाना गळ्यातला कंठा काढून त्याला देतो, आणि तोच कंठा गुलाबी त्याच्याकडून दांडगाईने हिसकावून घेते. सत्ता, शरीर आणि बक्षिशी यांचा पुढचा सगळा व्यवहार या एका प्रसंगात मांडून होतो. भोवतीची रांग हे सारे पाहते, टाळ्या देते आणि मग काही घडलेच नाही अशा चेहऱ्याने पुन्हा सरळ उभी राहते. या चेहऱ्यांत प्रयोगाचा खरा डंख होता, असे नोंदकाराचे मत आहे. नानाच्या व्यक्तिरेखेवर जेवढी आगपाखड झाली तेवढी या रांगेवर झाली नाही, हे नवलच म्हणावे लागेल.

ही कल्पना कोणाची, याविषयी एकवाक्यता नाही. बारा जणांची रांग संहितेतच आहे आणि तिचे मूळ कोकणातील खेळ्यांच्या प्रयोगात असल्याचे तेंडुलकरांच्या कथनावरून मानले जाते. नमन-खेळे, दशावतार, तमाशा, कीर्तन या सर्वांचे अंश त्यात शोधता येतात. मात्र कागदावरची रांग आणि दोन तास श्वास एक करून हलणारी रांग यांत अंतर आहे. ते पार करण्याचे श्रेय मुळगुंदांच्या नृत्यरचनेला आणि पटेलांच्या आखणीला द्यावे लागते. मुळगुंदांनी रांगेला शास्त्रीय नर्तकांचा डौल दिला नाही. ठेका धरणे, कमरेत लवणे, मान वेळावणे अशा थोड्याच हालचालींवर त्यांनी भिस्त ठेवली. नर्तक नसलेल्या नटांना ते झेपले, आणि भक्ती व चावटपणा एकाच अंगविक्षेपात दाखवण्याची सोय झाली.

संगीत : भास्कर चंदावरकर (1936–2009) हे पं. रविशंकर यांचे शिष्य, सतारवादक आणि पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधील संगीताचे अध्यापक. नाट्यसंगीताच्या परंपरेतून ते आलेले नव्हते, आणि ‘घाशीराम’च्या संगीताचे वेगळेपण बऱ्याच अंशी यात आहे. संगीत नाटकात नट थांबून पद म्हणतो. इथे कोणी थांबत नाही. अभंगाची चाल, कीर्तनातला आख्यानाचा सूर, लावणीची उठावण, पोवाड्याचा जोर एकमेकांत घुसतात. नामघोष चालू असतानाच ढोलकी येते आणि टाळ तिच्या ठेक्यात सामील होतात. भजनाची लय न बदलता तीच लावणीची लय होते, तेव्हा ऐकणाऱ्याला आपण कुठल्या क्षणी देवळातून बावनखणीत आलो हे सांगता येत नाही. संहितेतही कीर्तन आणि तमाशा यांची सरमिसळ आहे, पण तिथे ती शब्दांची. प्रयोगात ती कानाला पटवून देण्याचे काम चंदावरकरांनी केले.

दुसरे काम सामुदायिक आवाजाचे. रांगेतले सगळे गवय्ये नव्हते. म्हणून एकल गायनाचा भार मोजक्या तयार गळ्यांवर आणि उरलेल्यांवर घोष, पालुपद, तालाचे बोल अशी वाटणी झाली. रवींद्र साठे व चंद्रकांत काळे हे पुढे सर्वपरिचित झालेले गायक याच संचातले. संगीतकार आनंद मोडक (1951–2014) हेही याच मुशीतून घडले. त्यांनी पुढे आळेकरांच्या ‘महानिर्वाण’ला (1974) संगीत दिले. ते नाटक कीर्तनाच्या रूपाशी जो खेळ खेळते, त्याची पूर्वतयारी ‘घाशीराम’च्या तालमींत झाली असे म्हणण्यास जागा आहे. मराठी नाटकातील संगीताचा इतिहास लिहिणारे बहुधा किर्लोस्कर-देवलांपासून ‘कट्यार’पर्यंत येतात आणि ‘घाशीराम’ला लोकनाट्याच्या कप्प्यात टाकून मोकळे होतात. ही वर्गवारी सोयीची असली तरी बरोबर नाही.

प्रमुख नट : मोहन आगाशे यांचा नाना हा मराठी रंगभूमीवरील अविस्मरणीय भूमिकांपैकी एक. पहिल्या प्रयोगाच्या वेळी आगाशे पंचविशीत होते आणि त्यांना वयस्क, विषयी, कावेबाज कारभारी उभा करायचा होता. त्यांनी नानाला खलपुरुष केले नाही. तो लाडिक बोलतो, लगबगीने चालतो, मुलीच्या मागे धावताना हास्यास्पद होतो. प्रेक्षक हसत असतानाच तो घाशीरामला कोतवाली देऊन आपला हिशेब आपल्याशीच मोकळेपणाने बोलून दाखवतो : गुन्हे आमचे, धनी तू. हसू तिथे आटते. टिळेकरांच्या घाशीरामला याच्या उलट वाटेने जावे लागते. लाचारीपासून सुरुवात, मग सूड, मग माज आणि शेवटी दगडांच्या वर्षावात जमावाला स्वतःच आव्हान देणारा मृत्यू. भूमिका शारीरिक कष्टाची आहे. नानाच्या तुलनेत तिच्यावर लिहिले गेले ते कमी. रानडे यांचा सूत्रधार कीर्तनकार, भाट आणि चहाडखोर यांच्या मधला आहे. रांगेतून बाहेर येणे आणि तिच्यात विरघळणे हे त्याचे मुख्य कौशल्य.

मोहन गोखले, नंदू पोळ, रमेश मेढेकर, सुरेश बसाळे, समर नखाते ही याच वर्तुळातील मंडळी. त्यांतील गोखले पुढे ‘स्पर्श’, ‘मिर्च मसाला’ या चित्रपटांमुळे आणि ‘मिस्टर योगी’ या मालिकेमुळे देशभर ओळखले गेले; नखाते चित्रपटशिक्षणाकडे वळले.

स्त्री-भूमिका : गुलाबी, ललितागौरी आणि ब्राह्मणस्त्रिया.

प्रयोग बंद पडणे व थिएटर अकादमी : 19 प्रयोगांनंतर पीडीएने नाटक थांबवले. ब्राह्मणांची, विशेषतः चित्पावनांची, आणि नाना फडणवीसांची बदनामी होते हा बाहेरचा आक्षेप होता. संस्थेच्या वडीलधाऱ्यांना तो अगदीच अमान्य होता असे नाही. प्रयोग सदाशिव पेठेत, नानाच्या पुण्यात, होत होता हे लक्षात घेतले म्हणजे वातावरणाची कल्पना येते. या निर्णयाच्या तपशिलांविषयी दोन्ही बाजूंची निवेदने वेगवेगळी असल्याने ती इथे दिलेली नाहीत. तरुण गट बाहेर पडला आणि 27 मार्च 1973 रोजी थिएटर अकादमीची स्थापना झाली. नव्या संस्थेने 11 जानेवारी 1974 रोजी ‘घाशीराम’ पुन्हा रंगमंचावर आणले. एका नाटकासाठी संस्था निघाली, असे ढोबळपणे म्हटले जाते. पण त्याच संस्थेने नंतर ‘महानिर्वाण’, ‘तीन पैशाचा तमाशा’ (1978), ‘बेगम बर्वे’ (1979) असे प्रयोग केले हे पाहता ते विधान अपुरे ठरते. श्रीधर राजगुरू यांनी सांभाळलेली संघटनेची बाजू हा स्वतंत्र नोंदीचा विषय आहे.

परदेश दौरे : 1980 मध्ये संच युरोपच्या दौऱ्यावर गेला. पश्चिम जर्मनीसह अनेक देशांत प्रयोग झाले. दौऱ्याआधी महाराष्ट्रात विरोध उसळला. परदेशात महाराष्ट्राच्या इतिहासाचे विकृत चित्र दाखवले जाईल, हा मुद्दा होता. प्रकरण न्यायालयापर्यंत गेले आणि नाटक ऐतिहासिक नसल्याचे निवेदन प्रयोगापूर्वी करण्याचा तोडगा निघाल्याचे सांगितले जाते. भाषा न कळणाऱ्या प्रेक्षकांपुढे रांग आणि संगीत यांनीच नाटक पोहोचवले. पुढे उत्तर अमेरिकेतही प्रयोग झाले. बर्लिनशी संस्थेचा जो संबंध जुळला, त्याचे एक फळ म्हणजे पुण्यात 1986 पासून रुजलेली ग्रिप्स बालरंगभूमी. तिच्यामागे आगाशे यांचा पुढाकार होता.

चित्रपट : 1976 मध्ये युक्त फिल्म को-ऑपरेटिव्ह या तरुण चित्रपटकारांच्या सहकारी गटाने याच नावाचा मराठी चित्रपट काढला. मणी कौल, के. हरिहरन, सईद मिर्झा आणि कमल स्वरूप यांनी तो मिळून केला; पटकथा तेंडुलकरांची, संगीत चंदावरकरांचे. नानाच्या भूमिकेत आगाशेच होते, घाशीराम मात्र ओम पुरी यांनी केला. पुरी यांचा हा आरंभीचा चित्रपट. चित्रपट नाटकाची नक्कल करत नाही. रांगेची जागा कॅमेऱ्याच्या दीर्घ हालचाली घेतात.

त्याआधी नाटकाच्या पटेल-तेंडुलकर-चंदावरकर या त्रयीने ‘सामना’ (1975) हा चित्रपट दिला होता. त्यात आगाशे मारुती कांबळेच्या भूमिकेत आहेत.

अन्य भाषांतील प्रयोग : हिंदी अनुवाद वसंत देव यांचा, दिल्लीत राजिंदर नाथ यांनी तो बसवला. इंग्रजी अनुवाद जयंत कर्वे व एलिनॉर झेलियट यांचा. अलीकडच्या हिंदी प्रयोगात नानाची भूमिका संजय मिश्रा यांनी केली आहे.