महसुली अभिलेख, महाराष्ट्रातील

जमीन, घर व अन्य स्थावर मिळकत यांवरील कर ठरविण्यासाठी आणि वसूल करण्यासाठी गाव, तालुका व नगर या पातळ्यांवर ठेवण्यात येणारी पत्रके, नोंदवह्या, नकाशे व हिशेब यांना महसुली अभिलेख म्हणतात. शेतजमिनीचा सात-बारा उतारा, गावठाणातील घराचा ग्रामपंचायतीकडील नमुना ८ आणि शहरातील करआकारणी नोंदवही ही त्यांची सर्वपरिचित उदाहरणे होत. या अभिलेखांचा मूळ हेतू ‘सरकारास पैसा कोणी द्यावयाचा’ हे निश्चित करण्याचा होता; ‘मिळकत कोणाची’ हे सांगण्याचा नव्हता. कालांतराने लोकव्यवहारात कराच्या नोंदीस मालकीचा पुरावा मानण्यात येऊ लागले. या दोन प्रश्नांमधील अंतर लक्षात घेतल्यावाचून महाराष्ट्रातील महसुली दप्तराचा इतिहास आणि त्याचा आजचा उपयोग नीट उलगडत नाही.

ब्रिटिशपूर्व काळ : निजामशाहीतील मलिक अंबर (मृ. १६२६) याने जमिनीची प्रत व उत्पन्न लक्षात घेऊन धारा ठरविण्याची पद्धत घालून दिली. शिवकालात अण्णाजी दत्तो यांच्या देखरेखीखाली जमिनीची मोजणी झाली. पाच हात व पाच मुठी लांबीची काठी, वीस काठ्या लांब व वीस काठ्या रुंद क्षेत्राचा बिघा आणि १२० बिघ्यांचा चावर हे त्या काळचे माप होय. पेशवाईत थोरल्या माधवरावांच्या कारकीर्दीपासून ‘कमाल’ आकारणीचा आधार घेण्यात येई. गावाचे दप्तर वतनदार कुलकर्ण्याच्या हाती आणि परगण्याचे देशपांड्याच्या हाती असे. शेतसाऱ्याखेरीज कारागीर व व्यापारी यांच्यावरील मोहतर्फा, घरपट्टी व इतर पट्ट्या यांचेही हिशेब ठेवले जात.

हे कागद मोडी लिपीत असून त्यांतील कालगणना निरनिराळी आहे. दक्षिणेतील फसली सनात सु. ५९०, सुहूर सनात सु. ५९९ आणि राज्याभिषेक शकात १६७३ मिळविल्यास स्थूलमानाने इसवी सन येतो. या वर्षांचा आरंभ जानेवारीत होत नसल्यामुळे एका वर्षाचा फरक पडू शकतो. पेशवाईच्या अखेरीस (१८१८) इंग्रजांच्या ताब्यात आलेल्या कागदपत्रांपासून पेशवे दप्तर सिद्ध झाले. १८५२ च्या अधिनियमान्वये नेमलेल्या इनाम कमिशनने इनामदारांचे हक्क तपासण्यासाठी याच कागदांचा वापर केला. ज्यांना आपल्या सनदा दाखविता आल्या नाहीत किंवा ज्यांच्या सनदा दप्तराशी जुळल्या नाहीत, त्यांच्या इनामांवर गदा आली. दप्तरात नोंद असणे व नसणे यांचा मिळकतीच्या भवितव्याशी किती निकटचा संबंध असतो, याचा हा ठळक प्रत्यय होता. हे दप्तर पुण्याच्या पुराभिलेखागारात असून त्यातील निवडक कागद गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली ४५ खंडांत प्रसिद्ध झाले.

रयतवारी मोजणी : इंग्रजी अंमलात पुणे जिल्ह्यात आर. के. प्रिंगल याने १८२७ नंतर पहिली पद्धतशीर मोजणी केली. निव्वळ उत्पन्नाच्या ५५ टक्के धारा घ्यावा, असे तत्त्व त्याने स्वीकारले. तथापि मोजणीतील चुका, कनिष्ठ नोकरांची लबाडी आणि पडत्या धान्यभावांच्या काळातील जड आकारणी यांमुळे ती योजना फसली. अनेक गावांतील शेतकऱ्यांनी जमिनी सोडल्या. त्यानंतर गोल्डस्मिड व विंगेट या अधिकाऱ्यांनी इंदापूर तालुक्यात नवी मोजणी सुरू केली व १८३६ मध्ये तेथे कमी केलेले दर लागू झाले. या कामातून सिद्ध झालेली तत्त्वे गोल्डस्मिड, विंगेट व डेव्हिडसन यांच्या १८४७ च्या संयुक्त अहवालात ग्रथित झाली. प्रत्येक शेतास स्वतंत्र भूमापन क्रमांक, जमिनीच्या प्रतीचे आण्यांत वर्गीकरण आणि तीस वर्षे स्थिर राहणारा आकार ही या पद्धतीची मुख्य अंगे होत.

मोजणीसाठी ३३ फूट लांबीची साखळी वापरीत. एक साखळी लांब व एक साखळी रुंद क्षेत्र म्हणजे एक गुंठा (१,०८९ चौ. फूट) आणि ४० गुंठे म्हणजे एक एकर. मोजणीच्या वेळी काढलेल्या शेताच्या आकृतीस ‘टिपण’, मातीचा पोत व खोली नोंदविणाऱ्या वहीस ‘प्रतिबुक’ आणि क्रमांकवार क्षेत्र व आकार यांच्या यादीस ‘आकारबंद’ म्हणतात. हद्दीच्या वादात आजही सात-बारापेक्षा टिपण व नकाशा यांना अधिक महत्त्व असते. ‘आणेवारी’ हा शब्द जमिनीच्या प्रतीसाठी व पिकाच्या अंदाजासाठी अशा दोन अर्थांनी वापरला जातो. जुने कागद वाचताना हा भेद ध्यानात ठेवावा लागतो.

तीस वर्षांच्या मुदती संपल्यावर १८६७ पासून इंदापूर व लगतच्या तालुक्यांत फेरआकारणी होऊन धारा बराच वाढला. १८७५ मध्ये पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत सावकारांविरुद्ध झालेल्या दंग्यांच्या कारणांत या वाढीचाही समावेश करण्यात येतो. दंगेखोरांचा रोख प्रामुख्याने कर्जरोख्यांवर होता. शेत कोणाच्या नावे लागणार हे अखेर त्या कागदांवरून ठरत असे. १८७९ च्या मुंबई जमीन महसूल अधिनियमाने महसूलविषयक तरतुदी एकत्र केल्या.

हक्कनोंद : आकारबंदात शेताचा आकार कळे, पण त्यातील हिस्सेदार, गहाणदार किंवा कुळे यांचा उल्लेख नसे. ही उणीव दूर करण्यासाठी १९०३ मध्ये हक्कनोंदीचा स्वतंत्र अधिनियम झाला आणि १९१३ मध्ये त्याच्या तरतुदी महसूल अधिनियमात समाविष्ट करण्यात आल्या. गावपातळीवरील हिशेबांचे नमुने अँडरसन याच्या महसुली लेखापुस्तिकेने स्थिर केले. गाव नमुन्यांचे १ ते २१ हे क्रमांक याच परंपरेतील आहेत. त्यांपैकी नमुना ६ ही फेरफारांची नोंदवही, नमुना ७ हा अधिकार अभिलेख, नमुना ८-अ ही खातेदाराच्या एकूण धारणेची नोंद आणि नमुना १२ ही पिकांची नोंदवही होय. नमुना ७ व १२ एकाच कागदावर ठेवण्यात येत असल्यामुळे ‘सात-बारा’ हे नाव रूढ झाले.

दप्तर लिहिणाऱ्याचे सामर्थ्य हा या इतिहासातील सततचा विषय आहे. निरक्षर शेतकऱ्यावर कुलकर्ण्याच्या लेखणीची सत्ता कशी चालते, याचे विवेचन महात्मा जोतीराव फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ (१८८३) या ग्रंथात केले. कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी १९१८ मध्ये कुलकर्णी वतने रद्द करून पगारी तलाठी नेमले. मुंबई राज्यात परगणा व कुलकर्णी वतने १९५० च्या अधिनियमाने संपुष्टात आली. तलाठ्यास २०२४ मध्ये ‘ग्राम महसूल अधिकारी’ असे पदनाम देण्यात आले.

नोंदीचे परिणाम १९४८ च्या कूळकायद्याच्या अंमलबजावणीत विशेष जाणवले. १ एप्रिल १९५७ या कृषकदिनी कसणाऱ्या कुळास जमिनीचा मालक मानण्याची तरतूद होती. परंतु कूळ म्हणून नाव लागलेले असणे हा त्याचा व्यावहारिक आधार होता. जमीनमालकांच्या दडपणामुळे कुळांनी ‘राजीखुशीने’ जमीन सोडल्याच्या अनेक नोंदी झाल्याचे वि. म. दांडेकर व खुदानपूर यांच्या १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दिसून आले. पिढ्यान्‌पिढ्या शेत कसणारा, पण ज्याचे नाव पीकपाहणीत कधी चढलेच नाही, असा माणूस कायद्याच्या लाभास मुकला.

स्त्रियांच्या बाबतीतही असेच घडले. वारसनोंदीत मुलांची नावे लागत व विधवा आणि मुली मागे पडत. शेतकरी संघटनेच्या ‘लक्ष्मीमुक्ती’ मोहिमेनंतर १९९२ मध्ये शासनाने पत्नीचे नाव सात-बारावर लावण्याची योजना केली. १९९४ च्या राज्य सुधारणेने व २००५ च्या केंद्रीय सुधारणेने हिंदू एकत्र कुटुंबातील मुलींना सहदायाद म्हणून हक्क मिळाला. तथापि हक्क कायद्याने मिळतो, नोंद मात्र करवून घ्यावी लागते.

प्रादेशिक भेद : आजच्या महाराष्ट्राचे भाग पूर्वी निरनिराळ्या राजवटींखाली असल्याने त्यांची दप्तरेही एकसारखी नाहीत. कोकणातील खोती गावांत १८८० च्या अधिनियमान्वये खोत व कुळे यांचे हक्क नोंदविलेले ‘बोटखत’ महत्त्वाचे ठरते. नागपूर भागात मालगुजारी पद्धत असल्याने तेथील कागदांत खसरा, जमाबंदी व वाजिब-उल-अर्ज यांचा समावेश होतो. वऱ्हाडात रयतवारी पद्धत होती. मराठवाड्यातील निजामी काळचे कागद बहुधा उर्दूत व फसली सनात असून, जमिनीच्या जुन्या हक्कासंबंधी तेथे १९५४-५५ च्या सुमारास तयार झालेले खासरा पत्रक पाहण्याची प्रथा आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ ही १५ ऑगस्ट १९६७ रोजी अंमलात आली व या भिन्न पद्धतींना एकच चौकट मिळाली.

घरपट्टीचे अभिलेख : गावठाणातील घरांखालील जागेवर सामान्यतः जमीन महसूल आकारला जात नसल्याने तिचा सात-बारा नसतो. जेथे नगर भूमापन झालेले नाही तेथे ग्रामपंचायतीची करनोंद हाच घराचा एकमेव नियमित कागद राहिला. मुंबई ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ व त्याखालील १९६० च्या कर व फी नियमांनुसार ही आकारणी होऊ लागली. नमुना ८ मध्ये मिळकतीचे वर्णन, मालक व भोगवटादार यांची नावे आणि आकारलेला कर, तर नमुना ९ मध्ये वर्षाची मागणी, मागील बाकी व वसूल यांची नोंद असते. २०१५ मधील नियमसुधारणेने भांडवली मूल्यावर आधारित आकारणी आली. २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनच्या साहाय्याने गावठाणांची मोजणी करून मिळकत पत्रिका देण्याचे काम हाती घेण्यात आले. घराची करनोंद व हक्कनोंद वेगळी करण्याच्या दृष्टीने ते महत्त्वाचे आहे.

मुंबईत १८६५ ते १८७२ या काळात लॉटन याच्या मोजणीने शहराचे तपशीलवार नकाशे तयार झाले. १८८८ च्या महानगरपालिका अधिनियमाने घरपट्टीसाठी वाजवी वार्षिक भाड्यातून दुरुस्तीखर्चाबद्दल १० टक्के वजा करून ‘करयोग्य मूल्य’ ठरविण्याची पद्धत घालून दिली. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने जुन्या इमारतींची भाडी गोठविली आणि त्यांबरोबर करयोग्य मूल्येही गोठली. परिणामी शेजारशेजारच्या जुन्या व नव्या इमारतींच्या करांत मोठी तफावत पडली. १ एप्रिल २०१० पासून मुंबईत भांडवली मूल्याचा आधार घेण्यात आला.

अभिलेखांचा शोध व वाचन : जुनी मिळकत शोधताना प्रथम तिचा क्रमांक कोणत्या काळातील आहे हे ठरवावे लागते. मूळ भूमापन क्रमांकाचे पोटहिस्से झालेले असतात. १९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरण अधिनियमान्वये योजना झालेल्या गावांत त्याऐवजी गट क्रमांक आलेले असतात. शहरी हद्दीत नगर भूमापन क्रमांक असतो. जुन्या-नव्या क्रमांकांचा मेळ एकत्रीकरणाच्या पत्रकांवरून व आकारफोड पत्रकावरून लागतो. क्षेत्र एकर-गुंठ्यांत आहे की हेक्टर-आरमध्ये, हेही पाहणे आवश्यक असते. एक एकर म्हणजे सु. ४०.४७ आर.

सात-बारावर भोगवटादाराच्या नावाजवळ वर्तुळात लिहिलेला आकडा फेरफाराचा क्रमांक असतो आणि कंसात टाकलेले नाव पुढील फेरफाराने कमी झालेले असते. म्हणून चालू उताऱ्यापासून आरंभ करून एकेक फेरफार मागे वाचीत गेल्यास खरेदी, वाटणी, वारसा, गहाण किंवा न्यायालयीन हुकूम यांपैकी कोणत्या कारणाने नाव बदलले ते समजते. ‘इतर हक्क’ या रकान्यातील बोजा, विहिरीतील हिस्सा किंवा वाटेचा हक्क आणि ‘भोगवटादार वर्ग २’ हा शेरा यांकडे दुर्लक्ष करणे घातक ठरते. कारण वर्ग २ ची जमीन सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीविना हस्तांतरित करता येत नाही. चालू उतारे गाव व तालुका पातळीवर, मोजणीचे कागद भूमि अभिलेख कार्यालयात, तर जुने दप्तर तहसील व जिल्हा अभिलेख कक्षांत आणि पुराभिलेखागारांत मिळते. १ मे २०१८ पासून अंकीय स्वाक्षरीचे सात-बारा उतारे उपलब्ध होऊ लागले व ऑगस्ट २०२१ पासून खातेदारास स्वतः पीकपाहणी नोंदविण्याची सोय झाली.

पुराव्याचे मूल्य : संहितेच्या कलम १५७ नुसार अधिकार अभिलेखातील प्रमाणित नोंद, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत किंवा तिच्या जागी नवी नोंद होईपर्यंत, खरी मानली जाते. तथापि फेरफाराने मालकी निर्माण होत नाही व नष्टही होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये व त्यानंतरही स्पष्ट केले आहे. मालकी खरेदीखत, वारसा, वाटणी, मृत्युपत्र किंवा न्यायालयाचा निर्णय यांवरून ठरते. घरपट्टीची पावती तर केवळ कर भरल्याचे व फार तर ताब्याचे दर्शक असते. असे असले, तरी पीककर्ज, भूसंपादनाचा मोबदला व नुकसानभरपाई यांसाठी प्रथम नोंदच पाहिली जाते. चुकीची नोंद दीर्घकाळ निर्वेध राहिली, तर तिच्या आधारे नवे व्यवहार होतात आणि मूळ हक्कदारास आपला हक्क सिद्ध करण्याचा भार उचलावा लागतो. फेरफाराची नोटीस चावडीवर लावण्याची, हितसंबंधितांना कळविण्याची व हरकतीसाठी पंधरा दिवस देण्याची तरतूद याच कारणासाठी आहे. ती मुदत न दवडणे हे मिळकतीच्या रक्षणाचे सर्वांत सोपे व अल्पखर्चाचे साधन होय.