एक मांडणी, अनेक नांवें

आगगाड्यांच्या प्रतिकृति जमविणाऱ्या हौशी मंडळींत अमेरिकन वाफेच्या एंजिनांविषयीं एक वाद हमखास निघतो : 'नॉर्दर्न', 'डिक्सी' व 'नायगारा' हीं एक कीं निराळीं?

फ्रेडरिक व्हाइट यांनीं १९०० च्या सुमारास चाकें मोजण्याची पद्धत घालून दिली. पुढें चार, मध्यें चालक आठ, मागें चार, म्हणजे ४-८-४. असें पहिलें एंजिन १९२६ सालीं 'नॉर्दर्न पॅसिफिक' कंपनीकरितां तयार झालें. म्हणून या मांडणीस 'नॉर्दर्न' हें नांव पडलें. पण १८६५ सालीं संपलेल्या यादवी युद्धांत उत्तरेकडून पराभूत झालेल्या दक्षिणेंत तें सर्वत्र चाललें नाहीं. नॅशव्हिलच्या कंपनीनें दक्षिणेचें लाडकें 'डिक्सी' हें नांव घेतलें. 'चेसापीक अँड ओहायो'नें 'ग्रीनब्रायर'. न्यूयॉर्क सेंट्रलचें १९४५ सालचें एंजिन 'नायगारा' ठरलें. कंपन्यांच्या दप्तरीं वर्ग पुन्हां वेगळे : नॉर्दर्न पॅसिफिकच्या पहिल्या एंजिनांचा 'ए', नायगाराचा 'एस-१'.

तात्पर्य, मांडणी एक असली तरी एंजिनें निराळीं. आंकडा चाकें सांगतो, वर्ग बनावट सांगतो आणि नांव धनी सांगतें. प्रत्येक ४-८-४ वर 'नॉर्दर्न' अशी चिठ्ठी लावणारा हौशी गृहस्थ चाकें मोजण्यांत चुकत नाहीं. मात्र एका प्रांताचा इतिहास नकळत पुसून टाकतो.