दलदलीतलं विमान कुणाचं?

२३ फेब्रुवारी १९४२. अमेरिकेची बी-१७ बॉम्बर विमानं ऑस्ट्रेलियाहून निघून जपान्यांच्या ताब्यातल्या रबाउलवर चालून गेली. परतताना एकाचं इंधन संपत आलं. न्यू गिनीत खाली सपाट गवताळ रान दिसलं, म्हणून वैमानिकाने चाकं न काढता विमान पोटावर उतरवलं. गवताखाली पाणी होतं. ती अगाइम्बोची दलदल होती! नऊही जण वाचले आणि स्थानिक लोकांच्या मदतीने पाचेक आठवड्यांनी पोर्ट मोर्स्बीला पोचले.

विमान तिथेच राहिलं. १९७२मध्ये ते हेलिकॉप्टरमधून पुन्हा दिसलं आणि पुढे ‘स्वॅम्प घोस्ट’, म्हणजे दलदलीतलं भूत, या नावाने गाजलं. जिथे ट्रक पोचत नाही, तिथे भंगारवालाही सहज पोचत नाही. २००६मध्ये अमेरिकी मंडळींनी ते सुटं करून उचललं आणि पापुआ न्यू गिनीत वाद पेटला. विमान लाए बंदरात अडकलं, २०१०मध्ये अमेरिकेला गेलं. आता ते पर्ल हार्बरच्या संग्रहालयात आहे.

दलदलीत ते हळूहळू गंजलंच असतं, हे खरं. पण दोन परक्या सत्तांचं युद्ध ज्यांच्या अंगणात लढलं गेलं, त्यांच्याकडे त्याची एवढी मोठी खूण होती. ती ठेवायची की द्यायची, हे ठरवताना त्यांचा शब्द शेवटचा असायला नको होता का?