अंड्यातील बंध

रोगप्रतिकाराचे शास्त्र आज ज्या साधनावर मोठी भिस्त ठेवते, त्याचा उगम कोंबडीच्या अंड्यात आहे, असे म्हटले तर श्रोत्यांना ती थट्टा वाटेल. इतिहास मात्र तसाच आहे.

इ. स. १९२७ मध्ये लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये मार्गारेट बोआस यांनी उंदरांना अंड्याचा वाळवलेला पांढरा बलक खाऊ घातला. उंदरांची कातडी बिघडली, केस गळले. यकृतासारखे पदार्थ आहारात येताच ते सुधारले. १९३६ साली क्योग्ल यांनी उत्रेख्त येथे २५० किलो सुक्या पिवळ्या बलकातून जेमतेम १.१ मिलिग्रॅम स्फटिक मिळवले व त्यांस ‘बायोटिन’ नाव दिले. उंदरांना वाचवणारे द्रव्य तेच, हे १९४० मध्ये सिद्ध झाले. पुढल्याच वर्षी टेक्सासमध्ये पांढऱ्या बलकातले ‘अविडिन’ हे प्रथिन हाती लागले. ते बायोटिनला असे घट्ट धरते, की शरीराला ते मिळतच नाही. एका अविडिनमध्ये बायोटिनसाठी चार जागा असतात. हा चारांचा आकडा ध्यानात ठेवावा.

रोगप्रतिकारक टी-पेशीच्या पृष्ठावर ग्राही रेणू असतात. परकीय प्रथिनाचा तुकडा दुसऱ्या पेशीने धरून दाखवला, की ग्राही तो ओळखतो. पण ही पकड इतकी सैल, की काही सेकंदांत सुटते. मग विशिष्ट शत्रूला ओळखणाऱ्या पेशी मोजाव्या कशा? १९९६ साली ऑल्टमन, डेव्हिस व सहकाऱ्यांनी तुकडा धरणाऱ्या प्रथिनाच्या शेपटाला बायोटिन जोडले आणि अशी चार प्रथिने चमकत्या रंगाच्या अविडिनवर बसवली. एक हात सुटला तरी उरलेले धरून राहतात.

शेपटालाच का? पूर्वीच्या रासायनिक रीतीत बायोटिन प्रथिनावर कोठेही चिकटे, प्रसंगी नेमक्या बंधाच्या जागीच. आता जनुकातच छोटा जोड देतात व एका जीवाणूचे विकर तेथील एकाच ठिकाणी बायोटिन बसवते. आम्हा कचेरीतल्या माणसांना हे सहज पटावे. नस्तीचा टॅग कोपऱ्यात ओवतात, मजकुरातून नव्हे.

ग्राहीचा बाहेरचा भाग प्रतिपिंडाच्या शेपटाशी सांधून जोडप्रथिने करण्याची युक्ती याहून थोडी आधीची. १९९१ मध्ये अशाच जोडप्रथिनाने दाखवले, की टी-पेशीला आवर घालणारा सीटीएलए-४ हा ग्राही, तिला चेतवणाऱ्या सीडी-२८ पेक्षा सुमारे वीसपट घट्टपणे बी-७ या रेणूला धरतो. म्हणजे लगाम चाबकाचाच घास हिरावतो. त्या शोधातून घडलेले अबाटासेप्ट हे संधिवातावरील औषध अमेरिकेत २००५ साली मान्य झाले.

हा इतिहास प्रयोगशाळेपुरता राहिलेला नाही. आमच्या अलीगंजमधल्या औषधाच्या दुकानांतही केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या मिळतात. रक्ताच्या अनेक तपासण्या याच बंधावर बेतलेल्या असल्याने रक्तातले जादा बायोटिन त्यांचे आकडे फसवते. हृदयविकार दर्शवणाऱ्या ट्रोपोनिनचा आकडा त्यामुळे खोटा कमी येऊ शकतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध-नियंत्रकांनी २०१७ साली दिला. एका रुग्णाच्या मृत्यूचाही त्यात उल्लेख होता. गोळी घेणाऱ्याने रक्त देण्यापूर्वी डॉक्टरांना तसे सांगावे.