घाट शिकवतं कोण? इगतपुरी, इंजिन आणि शेजारी बसून शिकणं

हेडफोन लावलेत ना? ट्रेनमध्ये ऐकत असाल तर उत्तमच, कारण आजची गोष्ट ट्रेनचीच आहे. जे नेहमीप्रमाणे ऐकण्याऐवजी वाचतायत त्यांच्यासाठी हा भाग लिहून देतोय. बोलताना अडखळलो होतो, ते तेवढं काढलंय.

तर, इगतपुरीचा फलाट. पावसाळ्याचे दिवस, डोंगर ढगात गेलेले, निम्मा डबा खाली उतरून रील काढतोय. मीही काढायचो. पण यावेळी मी चालत चालत पार पुढे, इंजिनापाशी गेलो. खिडकीत दोन माणसं बसलेली. एकाने घड्याळ बघितलं, दुसऱ्याने सिग्नल. पुढच्या साधारण १५ किलोमीटरमध्ये ही दोघं अख्खी गाडी जवळपास ३०० मीटर खाली, कसाऱ्याला उतरवणार होती. आणि डब्यातल्या कुणालाही त्याची काळजी नव्हती. का असावी? त्यांना येतंय ना!

पण हे ‘येणं’ येतं कुठून? शिकवतं कोण?

आधी स्वतःचं सांगतो, म्हणजे मी हे का शोधत बसलो ते कळेल. २०१९ साली मी असिस्टंट लोको पायलटच्या भरतीत होतो. दोन्ही कॉम्प्युटर परीक्षा निघाल्या. मग आली ॲप्टिट्यूड टेस्ट. तुमच्यापैकी बरेच जण ही तयारी करत असतील, त्यांना माहितीये. स्मरणशक्ती, एकाग्रता, सूचना पाळणं, खोलीचा अंदाज, नजरेचा वेग अशा चाचण्यांचा संच. प्रत्येक चाचणीत किमान ४२ टी-स्कोअर लागतो. कुठल्याच प्रवर्गाला सवलत नाही, आणि एकात कमी पडलात तर बाकीच्यांत भारी असून उपयोग नाही. मी एकात कमी पडलो. खोलीच्या अंदाजात. विटांचा ढीग दाखवतात, कुठली वीट किती विटांना चिकटलीये ते सांगायचं. गेलो बाराच्या भावात!

प्रचंड राग आला होता. विटा मोजता आल्या नाहीत म्हणून मला गाडी चालवता येणार नाही? पूर्वीचे ड्रायव्हर कुठे विटा मोजत होते? त्या रागातून मी पूर्वीचं वाचायला लागलो.

३७ पावलं पुढे, एक पाऊल वर

मुंबई-ठाणे गाडी १८५३ला धावली, हे शाळेत पाठ केलंय. पण त्या ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची खरी परीक्षा सह्याद्रीत होती. पुण्याकडे बोरघाट, नाशिककडे थळघाट. थळघाटाचा मार्ग १ जानेवारी १८६५ला सुरू झाला. चढ काही ठिकाणी ३७ला १. म्हणजे ३७ पावलं पुढे गेलात की एक पाऊल वर. पायी चालताना हे काहीच नाही. पण गुळगुळीत लोखंडी चाक गुळगुळीत लोखंडी रुळावर, वर पावसाचं पाणी, मागे शेकडो टन वजन. चाक जागच्या जागी फिरायला लागतं.

म्हणून चढणाऱ्या गाडीला कसाऱ्याला मागून आणखी इंजिनं लावायची पद्धत पडली. त्यांना म्हणतात बँकर. ती ढकलतात, आणि इगतपुरीला सुटतात. सुरुवातीला घाटात एक रिव्हर्सिंग स्टेशनही होतं. गाडी तिथे थांबायची, इंजिन एका टोकाचं दुसऱ्या टोकाला जायचं आणि गाडी उलट्या दिशेने पुढचा चढ चढायची.

आता विचार करा, हे चालवायला शिकवणार कोण? ड्रायव्हर करार करून ब्रिटनहून आणले होते. त्यांच्याकडे असाच एक प्रसिद्ध चढ आहे, लिकी इन्क्लाइन. तोही जवळपास एवढाच उभा, पण लांबी जेमतेम तीन किलोमीटर. इथे १५ किलोमीटरचा घाट, बोगदे, दऱ्या आणि सह्याद्रीचा पाऊस. म्हणजे गुरुजींनाही हा धडा नवाच होता. पहिली पिढी घाटानेच शिकवली.

शाळा नव्हती, शिडी होती

वाफेच्या काळात ड्रायव्हर व्हायची एक शिडी होती. आधी क्लीनर, म्हणजे शेडमध्ये इंजिन पुसायचं. मग फायरमन, कोळसा मारायचा. मग शंटर. मग मालगाडी, मग पॅसेंजर आणि सगळ्यात वर मेलगाडी. यात वर्षानुवर्षं जायची. इगतपुरीत तेव्हा रेल्वेचा इंजिनांचा कारखाना होता. अख्खं गावच या शिडीवर उभं होतं म्हणा ना.

या पद्धतीत ‘आज आपण ब्रेक शिकू’ असं कुणी म्हणत नसे. फायरमन फावडं चालवता चालवता ड्रायव्हरच्या हाताकडे बघायचा. कुठे वाफ कमी केली, कुठल्या वळणाआधी हात लिव्हरवर गेला. हजार वेळा बघितलं की हजार एकाव्या वेळी आपला हात आपोआप जातो. गाण्यात घराण्याची तालीम असते, तसंच. गुरूच्या मागे तंबोरा धरून बसायचं.

ऐकायला फार छान वाटतं. मलाही वाटलं. पण दोन गोष्टी खटकल्या. एक म्हणजे, गुरूच्या हातात जे आहे ते त्याला शब्दांत सांगता येईलच असं नाही. तो निवृत्त झाला की निम्मं त्याच्याबरोबर गेलं. आणि दुसरी जास्त बोचरी. या शिडीच्या वरच्या पायऱ्या सगळ्यांसाठी नव्हत्या. ब्रिटिश राजवटीत बराच काळ मोठ्या गाड्यांचे ड्रायव्हर युरोपियन आणि अँग्लो-इंडियन असायचे. कोळसा मारणाऱ्या आपल्या माणसाला काम येत असलं तरी रेग्युलेटर त्याच्या हाती येईलच असं नव्हतं. शेजारी बसून शिकायचं, पण शेजारी कुणाला बसू द्यायचं हे आधीच ठरलेलं.

खेकडा आला, फावडं गेलं

१९२५ला मुंबईत विजेची पहिली गाडी धावली आणि १९३०च्या सुमारास विजेच्या तारा घाट चढून इगतपुरीपर्यंत आल्या. घाटात मालगाड्या ओढायला स्वित्झर्लंडच्या पद्धतीची लांब नाकाची इंजिनं आली. चालताना ती डुलायची आणि कण्हल्यासारखा आवाज करायची. लोकांनी नाव ठेवलं ‘खेकडा’. उतारावर त्यांच्या मोटरी उलट काम करून वीज तयार करायच्या आणि त्यातून गाडीला लगाम बसायचा.

शिकवण्याच्या दृष्टीने इथे मोठा बदल झाला. वाफेच्या इंजिनात काय बिघडलंय ते दिसतं, ऐकू येतं, भाजतं. वीज दिसत नाही. सर्किट समजून घ्यायचं तर फळा लागतो, आकृती लागते, कुणीतरी शब्दांत सांगावं लागतं. म्हणजे वर्ग आला. कल्याण आणि भुसावळची रेल्वे प्रशिक्षण केंद्रं आज हेच काम करतात.

आणि वर्ग आला की प्रवेशपरीक्षा येते. माझी दुखरी नस! पण परीक्षेने एक दारही उघडलं. कराडच्या सरकारी पॉलिटेक्निकमधून इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केलेली साताऱ्याची एक मुलगी परीक्षा देऊन कल्याणच्या केंद्रात शिकायला आली. सुरेखा यादव. १९८०च्या दशकाच्या शेवटी त्या रेल्वेत आल्या आणि आशियातल्या पहिल्या महिला रेल्वेचालक म्हणून ओळखल्या गेल्या. जुन्या शिडीवर, शेडमधल्या ओळखीपाळखीवर, त्यांना कुणी क्लीनर म्हणून तरी घेतलं असतं का? मला नाही वाटत.

‘मग उशीर झाला’

पण थांबा. वर्ग आला म्हणून शेजारी बसणं संपलं नाही. इगतपुरीत मला एक निवृत्त ड्रायव्हर काका भेटले. चहा घेता घेता त्यांनी विचारलं, “उतारावर ब्रेक कधी लावायचा?”

मी म्हटलं, “स्पीड वाढला की.”

काका हसले. “मग उशीर झाला.”

मग समजावलं. गाडीचा ब्रेक हवेच्या दाबावर चालतो. सारखा लावत-सोडत राहिलात तर टाक्यांत हवा पुन्हा भरायला वेळ मिळत नाही, आणि ऐन गरजेला ब्रेकची ताकद कमी पडते. म्हणून वळण दिसायच्या आधी वळण माहीत पाहिजे. आणखी एक गंमत सांगितली. मुंबईकडे जाणारी गाडी रेल्वेच्या भाषेत ‘अप’. म्हणजे घाट उतरणारी गाडी अप आणि चढणारी डाउन! नवीन पोराचा पहिला गोंधळ इथेच होतो म्हणे.

म्हणूनच रेल्वेत ‘रोड लर्निंग’ आहे. तुम्ही कितीही हुशार लोको पायलट असा, नव्या मार्गावर आधी जाणकाराबरोबर फेऱ्या मारायच्या, दिवसा आणि रात्रीही, आणि मग हा मार्ग मला येतो म्हणून सही करायची. बरेच महिने त्या मार्गावर गेला नाहीत तर पुन्हा शिकायचं. ज्याला मार्ग माहीत नाही त्याने माहीतगार सोबत घेतल्याशिवाय गाडी हाकायची नाही, हा नियमच आहे. सिग्नल दिसला की दोघांनी मोठ्याने पुकारायचा, हेही त्यातलंच. जपानमध्ये तर बोट दाखवून पुकारतात. तोंडाने बोललं की डोक्याला झोप लागत नाही. आणि बँकरचं बघा. मागच्या ड्रायव्हरला पुढचं काही दिसत नाही. पुढच्याच्या शिटीवरून त्याने जोर लावायचा किंवा सोडायचा. ताळमेळ चुकला तर कपलिंग तुटू शकतं. हे एकट्याने पाठ करण्यासारखं नाहीच.

आता सिम्युलेटरही आलेत. विमानवाल्यांकडे ही कल्पना जुनी, एडविन लिंकने १९२९लाच जमिनीवरचं शिकाऊ विमान बनवलं होतं. सिम्युलेटरचा मोठा फायदा म्हणजे जे खऱ्या गाडीत कधीच शिकवता येणार नाही ते तिथे शिकवता येतं. घाटात ब्रेक कमी पडला तर काय करायचं, हा सराव हजार प्रवासी मागे बसवून कोण करेल? पण तिथे गाडी घसरली तर मास्तर बटण दाबतात आणि पुन्हा सुरू. ते हजार प्रवासी पाठीशी असल्याचं वजन मात्र खऱ्या केबिनमध्येच, कुणाच्या तरी शेजारी बसून कळतं.

इगतपुरी ते मुंबई

सुरेखाताईंनीही घाटासाठी वेगळं प्रशिक्षण घेतलं. ८ मार्च २०११ला त्यांनी डेक्कन क्वीन चालवली, १३ मार्च २०२३ला सोलापूरहून वंदे भारत मुंबईला आणली. मधल्या काळात कल्याणच्या केंद्रात नव्या पोरांना शिकवलंही. आणि सप्टेंबर २०२५मध्ये निवृत्तीआधीची शेवटची गाडी होती दिल्लीहून येणारी राजधानी. त्यांनी ती हातात घेतली कुठे? इगतपुरीला. म्हणजे शेवटच्या दिवशीही समोर थळघाटाचा उतार होताच.

माझा विटांवरचा राग? कमी झालाय, पूर्ण गेला नाही. जुन्या शिडीने माणसाला दहा-पंधरा वर्षं पारखलं असतं. मला एका सकाळी पारखलं, हे अजून टोचतं. पण त्या शिडीने मला आधी ‘तू कुणाचा?’ असं विचारलं असतं. विटांनी ते विचारलं नाही. दोन्हीपैकी एक निवडायचं तर मी ४२ गुणांची रेषाच निवडेन, तिच्याखाली राहूनसुद्धा.

तुम्ही डॉक्टर होणार असा, वेल्डर होणार असा, पायलट होणार असा, व्हिडिओ बघून सुरुवात नक्की करा. पण कधीतरी कुणाच्या तरी शेजारी जाऊन बसा. आणि पुढे कधी कुणी तुमच्या शेजारी बसायला आलं, तर जरा सरकून जागा द्या.

इगतपुरीला गाडी थांबली की रील काढा, बिनधास्त काढा. फक्त एकदा पुढे इंजिनापर्यंत चालत जा. वेळ बघून हां, गाडी कुणासाठी थांबत नाही!

भेटू पुढच्या भागात.