एक खोली, सोळा हजार वेळा

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

करी रोड स्टेशनवर पश्चिमेला उतरलं की ना. म. जोशी मार्ग लागतो. जुनी माणसं अजून त्याला डिलाईल रोडच म्हणतात. या रस्त्यावर बीडीडीच्या 32 चाळी बांधल्या गेल्या. वरळीला 121, नायगावला 42 आणि शिवडीला 12, अशा एकूण 207. तळमजला आणि वर तीन मजले, मजल्यावर वीस खोल्या, म्हणजे चाळीत ऐंशी. खोली साधारण 160 चौरस फुटांची. गुणाकार केलात तर आकडा सोळा हजारांच्या पुढे जातो. आणि या सोळा हजार खोल्या कागदावर खरं तर एकच खोली आहेत.

गव्हर्नर लॉर्ड लॉईड यांनी 1920 साली बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट काढलं. गिरणगावात माणसं दाटीवाटीनं राहत होती आणि 1896 च्या प्लेगची आठवण ताजी होती. मुंबईत येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गासडीवर एक रुपया कर बसवून पैसा उभारायचा आणि पन्नास हजार खोल्या बांधायच्या, असा बेत होता. एवढी संख्या डोळ्यांसमोर असली की वास्तुरचनाकार प्रत्येक खोलीचा वेगळा विचार करत बसत नाही. एक खोली ठरते, मधला बोळ ठरतो, दोन्ही बाजूंना दहा-दहा खोल्या, मजल्यावर सामाईक संडास. मग तीच आकृती पुन्हा पुन्हा. नकाशा एका पारदर्शक कापडावर काढायचा आणि निळ्या कागदावर पांढऱ्या रेघांच्या प्रती उमटवायच्या. कागदाची प्रत स्वस्त, म्हणून सिमेंटचीही स्वस्त पडेल असा हिशेब. तो पुरता जमला नाही. खोल्या गिरण्यांपासून लांब, भाडं कामगाराला जड. कितीतरी रिकाम्या राहिल्या आणि पन्नास हजारांचा बेत सोळा हजारांवर थांबला. सविनय कायदेभंगाच्या काळात सरकारनं वरळीच्या चाळींत तात्पुरता तुरुंगही थाटला. एकसारख्या खोल्यांची रांग कोठडीच्या कामाला किती पटकन येते, बघा!

माझे अब्बा गिरणीत साचेखात्यात होते. गिरणीच्या भाषेत साचा म्हणजे माग. कापडावरची नक्षी ठरावीक बोटांनंतर पुन्हा येते. ती आठवण ठेवायला फ्रान्समध्ये जाकारनं 1804 च्या सुमारास भोकं पाडलेले पुठ्ठे मागाला जोडले. पुठ्ठ्यांची माळ संपली की पहिल्यापासून सुरू. संगणकाच्या पूर्वजांत या मागाची गणना होते, ती उगाच नाही.

बी. ए. झाल्यावर काही वर्षं मी एका आर्किटेक्टच्या कचेरीत होतो. तेव्हा ट्रेसिंग पेपर, रॉट्रिंगचं पेन आणि टी-स्क्वेअर यांचं राज्य होतं. सात मजल्यांचा एकच ‘टिपिकल फ्लोअर’ काढला जाई, पण त्यातल्या चार फ्लॅटची चार संडासं, चार ओटे हातानंच गिरवावे लागत. रेघ चुकली की ब्लेडनं हलकेच खरवडायची. अमोनिया प्रिंटचा वास दुपारभर नाकातून जात नसे. मग टेबलावर संगणक आला.

ऑटोकॅड हे सॉफ्टवेअर 1982 च्या अखेरीस बाजारात आलं; आमच्याकडे ते साल गिरणी संपाचं. त्यात ‘कॉपी’ होतं, ‘मिरर’ होतं, ‘अ‍ॅरे’ होतं. अ‍ॅरेला सांगायचं, आडव्या ओळी इतक्या, उभ्या इतक्या, दोहोंतलं अंतर इतकं. पडद्यावर खांबांची शेतं उगवत. मिरर म्हणजे आरशातली प्रत. शेजारशेजारच्या दोन फ्लॅटचे संडास पाठीला पाठ लावून एका डक्टवर आणायला ती फार उपयोगी. पण सुरुवातीला अक्षरंही उलटी होत. मला उर्दू येते, उजवीकडून वाचायची सवय आहे, तरी ती काही वाचता येत नसत.

खरी करामत ‘ब्लॉक’ची. नुसती कॉपी केली तर ऐंशी दारं म्हणजे ऐंशी सुटी चित्रं. दार तीन इंच रुंद करायचं तर ऐंशी ठिकाणी हात घाला. ब्लॉकमध्ये दाराची व्याख्या एकदाच साठवली जाते, बाकी ठिकाणी फक्त ‘ते दार इथं’ एवढी नोंद. फाइल हलकी राहते आणि मूळ व्याख्या बदलली की ऐंशीही दारं एका दमात बदलतात. ही कल्पना ऑटोकॅडहून जुनी. अमेरिकेत एमआयटीमध्ये आयव्हन सदरलँड यांनी 1963 साली ‘स्केचपॅड’ केलं, त्यात मूळ चित्र आणि त्याच्या प्रती असं नातं तेव्हाच होतं. गझलेत रदीफ शेरामागून शेर तीच येते, तसंच काहीसं. फरक असा की गझलेत रदीफेच्या आधीचा काफिया दर वेळी बदलावा लागतो. नकाशात तो बदलण्याची सक्ती कुणावर नाही.

म्हणून अ‍ॅरेतल्या त्या अंतराच्या आकड्याकडे मी संशयानं बघतो. मानखुर्दच्या लल्लुभाई कंपाउंड आणि गोवंडीच्या नटवर पारेख कंपाउंडमध्ये पुनर्वसनाच्या इमारती जेमतेम तीन मीटरवर एकमेकींना खेटून उभ्या आहेत. तिथं झालेल्या, 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात क्षयरोगाचा संबंध खालच्या मजल्यांवरच्या उजेड-वाऱ्याच्या टंचाईशी जोडलेला दिसला. शंभर वर्षांपूर्वीच्या बीडीडीनं खोलीत कंजुषी केली, पण चाळींमध्ये मैदानं सोडली. वरळीचं जांबोरी मैदान त्यातलंच. आणि एका साच्यातून आलेल्या त्या खोल्या आत कधीच सारख्या राहिल्या नाहीत. कुणी पोटमाळा घातला, कुणी मोरीची जागा फिरवली, कुणी दाराबाहेर बोळातच पलंग टाकून पोरांना अभ्यासाला बसवलं. त्या नकाशाचं काम माणसांनी पुरं केलं.

आता त्या चाळींच्या जागी म्हाडाचे उंच मनोरे येत आहेत. वरळीत 14 ऑगस्ट 2025 रोजी 556 कुटुंबांना पाचशे चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. 160 वरून पाचशे, संडास घरात. ज्यांनी पहाटे रांगा लावल्या त्यांना विचारा याची किंमत. पण मनोरे चाळीस मजल्यांचे आहेत. एक मजला काढला की उरलेले एकोणचाळीस मिनिटभरात उभे राहतात, आणि पोरांना पलंग टाकायला बोळ ठेवायचा की नाही, हे त्या पहिल्या मजल्यावरच ठरून जातं.